टेलिग्राम ग्रुप: ॲडमिनच्या नजरेतून (साडेचार स्टार)

आमचा नाशिकच्या मिसळप्रेमींचा ग्रुप टेलिग्रामवर आहे आणि ॲडमिन म्हणून सांगतो, भांडणं आवरायला हे ॲप भारी आहे. मिसळीवरून नाशिककर किती पेटतो ते काय सांगायचं, कुणी गंगापूर रोडच्या एखाद्या जागेला "तर्री नुसती तेलकट, मटकी कच्ची" म्हटलं की लगेच सगळे त्याच्यावर तुटून पडतात, मग गाव काढणं, खानदान काढणं सुरू.

तर स्लो मोड लावायचा. काही सेकंदांपासून १ तासापर्यंत ठेवता येतो, तेवढा वेळ झाल्याशिवाय मेंबरला दुसरा मेसेज टाकताच येत नाही. वाद तापला की मी ५ मिनिटं ठेवतो, तेवढ्यात माणूस शिव्या गिळून मुद्द्यावर येतो, निदान बरेच जण तरी. आणि हाकलायच्या ऐवजी एखाद्याचं फक्त लिहिणं दिवसभर बंद करता येतं, वाचत बसतो बिचारा.

पण खरी कामाची गोष्ट म्हणजे रीसेंट ॲक्शन्स. कुठल्या ॲडमिनने काय उडवलं ते मागच्या ४८ तासांचं बाकीच्या ॲडमिनना दिसतं, म्हणजे ओळखीच्या हॉटेलवाल्यावरची टीका गुपचूप डिलीट करायची सोयच नाही. "पाव शिळा होता" राहणार, "मालक चोर आहे" जाणार, एवढाच आमचा नियम.

टोमणे मात्र माणसालाच ओळखावे लागतात, "वा, पाणी छान होतं" ही तर्रीची तक्रार आहे हे ॲपला काय कळणार. अर्धा स्टार कापला कारण ते रीसेंट ॲक्शन्स साध्या मेंबरला दिसत नाही, दिसायला हवं राव.