आठ महिने ट्रीमॅप: हर्णै बंदरावरच्या पावत्यांचा हिशोब

माझा मामा कोकणातल्या हर्णैच्या लिलावात मासळी घेतो. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, तेव्हापासून त्याचा हिशोब मी जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. आता मार्च संपत आलाय. या प्रोग्रॅमच्या पोटात सेल्फ-बॅलन्सिंग बायनरी सर्च ट्री आहे, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवणारं आणि स्वतःचा तोल स्वतःच सांभाळणारं झाड (जावात तयार मिळतं ते ट्रीमॅप), म्हणून वापरानंतरचा अनुभव लिहितोय.

सुरुवात साध्या बायनरी सर्च ट्रीने केली होती. प्रत्येक नोंद म्हणजे एक नोड, आणि ज्यावरून ती लावायची-शोधायची ती की, इथे पावती नंबर. लहान की डावीकडे, मोठी उजवीकडे. जुन्या तीन हंगामांच्या ४०,००० च्या आसपास पावत्या चढवायला घेतल्या आणि प्रोग्रॅम मध्येच स्टॅक ओव्हरफ्लो (फंक्शनच्या कॉलसाठीची मेमरी संपल्याची एरर) देऊन बंद पडला. पावती नंबर चढत्या क्रमानेच येतात, त्यामुळे प्रत्येक नवी पावती आधीच्या पावतीच्या उजवीकडे लटकत गेली. झाड कसलं, माडासारखा सरळसोट बुंधा! माझं इन्सर्ट (नवी नोंद घालणारं फंक्शन) रिकर्सिव्ह, म्हणजे प्रत्येक पायरीला स्वतःलाच पुन्हा बोलावणारं होतं, ते तितक्या खोल उतरताना स्टॅक पुरला नाही.

मग एव्हीएल ट्री हाताने लिहिला. १९६२ साली अडेलसन-वेल्स्की आणि लँडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी मांडलेला. नियम एकच: कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या उंचीत (खाली किती पायऱ्या आहेत त्यात) एकाहून जास्त फरक नको. १०, २०, ३० ओळीने आले की तिसऱ्याला १० वर फरक दोनचा होतो. मग २० वर चढतो, १० त्याच्या डावीकडे, ३० उजवीकडे. या फिरवण्याला रोटेशन म्हणतात. १०, ३०, २० असे आले तर मात्र दोन रोटेशन लागतात. ४०,००० पावत्यांना उंची २२ च्या आत राहते. त्या सरळ बुंध्यात एक पावती शोधायला सरासरी २०,००० तुलना पडल्या असत्या.

डिलीटने मात्र रडवलं. नवा नोड घालताना एका जागी तोल सावरला की काम झालं. काढताना तसं नाही, तोल सावरत थेट मुळापर्यंत जावं लागू शकतं. मी पहिल्या रोटेशनवर थांबत होतो. चूक सापडायला चार रात्री गेल्या. तरीही एकदा हाताने लिहाच, त्याशिवाय रोटेशन डोक्यात बसत नाही. रोजच्या कामाला मात्र मी गणपतीआधीच जावाचा तयार ट्रीमॅप लावला. तो रेड-ब्लॅक या दुसऱ्या प्रकारचा ट्री आहे, एव्हीएलपेक्षा तोलाच्या बाबतीत थोडा सैल, पण आमच्या कामात फरक जाणवला नाही.

सगळ्यात मोठा धडा सप्टेंबरात मिळाला. पापलेटच्या बोटी भावाप्रमाणे लावायला मी भाव हीच की केली होती. संध्याकाळी मामा वही घेऊन बसला. वहीत ११ बोटी, स्क्रीनवर १०.

"अरे, एका तांडेलाचे पैसेच दिसत नाहीत यात."

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. दोन बोटींना एकच भाव लागला होता. ट्रीमॅप दोन की सारख्या आहेत का हे तुलनेवरूनच ठरवतो. तुलना शून्य आली, तर ती तीच की आहे असं समजतो आणि जुन्या नोंदीवर नवी लिहितो. ना एरर, ना सूचना. तांडेलाच्या घामाचे पैसे असे गुपचूप नाहीसे होतात, हे मला फार लागलं. त्या रात्रीच तुलना बदलली: आधी भाव, भाव सारखा असेल तर पावती नंबर. तेव्हापासून वही आणि स्क्रीन एकदाही चुकलेली नाही.

जमेची बाजू सांगायची तर सबमॅप. ८०० ते ९०० च्या भावातल्या बोटी दाखव म्हटलं की लगेच क्रमाने समोर. 'हा भाव किंवा याच्या लगेच वरचा कोणता' याला सीलिंगकी. लिलाव चालू असताना नवी नोंद पडली तरी यादी पुन्हा सॉर्ट करावी लागत नाही. नुसत्या बोटीच्या नंबरावरून मालक शोधायला मी हॅशमॅपच ठेवलाय, तिथे क्रमाचं काही काम नाही.

एक उणीव राहते. 'आजच्या भावांत ही बोट वरून कितवी?' हे मामा रोज विचारतो आणि ट्रीमॅपकडे त्याचं थेट उत्तर नाही, मोजत जावं लागतं. त्यासाठी प्रत्येक नोडमध्ये त्याच्या खालच्या नोंदींची संख्या ठेवायला हवी आणि रोटेशनच्या वेळी ती दुरुस्त करायला हवी. १ जूनला पुन्हा बंदी लागेल, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातील. त्या दोन महिन्यांत माझा जुना एव्हीएल काढून त्यात हे बसवणार आहे.