सव्वाशे डॉलरचा पटर, पटला का?

मागच्या फेब्रुवारीत मी विल्सनचा इन्फिनिट पटर (गोल्फमध्ये चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) घेतला, मॉडेल विंडी सिटी, आणि पहिले दोन महिने कोणाला दाखवलाच नाही. तसं दाखवायला ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, कुठे होतं म्हणा, शिकागोत फेब्रुवारीत कोर्सवर बर्फच असतो, पण खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटत होती. आमच्या रविवारच्या चौघांत एकाकडे साडेचारशे डॉलरचा मिल्ड (मशीनवर कोरलेला) ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याचा पटर, आहे, दुसऱ्याकडे तेवढ्याच किमतीचा अवाढव्य डोक्याचा मॅलेट, आणि तिसरे काका, ते वीसेक वर्षांपूर्वीचा टू-बॉल नावाचा पटर वापरतात पण त्यांच्या वेळी तोही महागच होता आणि ते हे दर दोन आठवड्यांनी सांगतात. गंमत अशी की ड्रायव्हर (लांब मारायची काठी) कोणाचा कुठला यावर आमच्यात चकार शब्द निघत नाही, वेज (चेंडू उंच उडवायची काठी) तर सगळ्यांचे गंजके, पण पटरचं हेडकव्हर काढलं की सगळ्यांच्या माना वळतात, लग्नात नवरीच्या गळ्याकडे वळतात तशा.

आता घेतला का ते सांगतो. माझा जुना पटर हरवला, म्हणजे कुठल्यातरी ग्रीनच्या कडेला आडवा ठेवून विसरलो आणि परत गेलो तेव्हा नव्हता. बायको म्हणाली यावेळी स्वस्तातला घे, हरवायचाच आहे तर. मुद्दा बरोबर होता त्यामुळे चिडायलाही जागा नव्हती.

विल्सन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना फेडररची रॅकेट आठवते. कंपनी शिकागोची, मूळ इथल्या कत्तलखान्यांच्या धंद्यात, जनावरांच्या आतड्यांचं करायचं काय तर रॅकेटच्या तारा करू, अशी सुरुवात आहे त्यांची, त्यालाही शंभरावर वर्षं झाली. इन्फिनिटमधल्या मॉडेल्सना त्यांनी आमच्या शहरातलीच नावं ठेवलीत, विंडी सिटी, साऊथ साईड, मिशिगन अव्हेन्यू, बकिंगहॅम, बीन. बीन म्हणजे मिलेनियम पार्कमधला तो आरशासारखा चकचकीत घेवडा, मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचा, भारतातून पाहुणे आले की तिथे नेऊन त्यात वाकडेतिकडे दिसणारे फोटो काढावेच लागतात. खरं तर नावासाठी मी आधी बीनच हातात घेतला होता, पण तो गोलसर मॅलेट आणि मला सवय ब्लेडची, खाली बघितलं की पटरऐवजी तवा धरल्यासारखं वाटत होतं. म्हणून विंडी सिटी.

किंमत सव्वाशे डॉलरच्या आतबाहेर, सेलमध्ये शंभरापर्यंतही येतो. महागडे जे साडेचारशे-पाचशेवाले असतात ते बहुतेक स्टीलच्या अख्ख्या ठोकळ्यातून मशीनवर कोरून काढलेले असतात, त्यात वेळ जातो, स्टील वाया जातं, त्याचे पैसे असतात (आणि नावाचे असतात, ते वेगळे). या किमतीत सहसा हेड साच्यात ओततात आणि मग चेंडूला लागतो तो फेस तेवढा मशीनवर सपाट करतात. विंडी सिटीला फेसमध्ये इन्सर्ट (वेगळ्या, मऊ मटेरियलचा बसवलेला तुकडा) वगैरे काही नाही, दोनदा मिलिंग केलेला धातूचा फेस आहे, बोट फिरवलं की बारीक रेघा लागतात, लिमलेटच्या गोळीवर असतो तसला खरखरीतपणा. रंग काळपट, उन्हात चमकून डोळ्यात जात नाही.

याची खरी भानगड वजनात आहे. हेड जड आहेच पण ग्रिपसुद्धा जाड आणि जड आहे, त्याला ते काउंटरबॅलन्स म्हणतात. खाली वजन वाढवलं तसं वरही वाढवलं, त्यामुळे पटरचा तोल हातांच्या जवळ येतो आणि मनगटाची लुडबुड कमी होते. माझं मनगट म्हणजे लहानपणी गोट्या खेळून तयार झालेलं, गल दिसली की ते आपोआप उडतं, आणि पटिंगमध्ये नेमकं तेच नडतं. पहिल्या दिवशी हा हातात घेतल्यावर वाटलं की हे काय मुसळ आणलंय. चार दिवसांनी काकांचा टू-बॉल सहज हातात घेतला तर तो छडीसारखा हलका लागला.

आता माझी फजिती. मी उंचीने साडेपाच फूट. दुकानात जो सेलवर होता तो 35 इंची, 34 चा शिल्लक नव्हता, आणि काउंटरवरच्या मुलाने ठणकावून सांगितलं की एका इंचाने काय होतंय, नंतर शाफ्ट (दांडा) कापून देऊ. मीही भुललो. घरी येऊन स्टान्स घेतला तर पटरचं टोक हवेत, टाच जमिनीवर, मधे क्रेडिट कार्ड सहज सरकेल एवढी फट. महिन्याभराने कापायला घेऊन गेलो तर तिथलाच दुसरा माणूस म्हणतो की हा काउंटरबॅलन्सवाला आहे, कापला की खालच्या-वरच्या वजनाचं गणित बदलणार, आधीच्यासारखा लागणार नाही, कापायला माझी हरकत नाही पण नंतर तक्रार नको. अरे मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? शेवटी कापला नाहीच. ग्रिप लांबलचक आहे म्हणून एक इंच खाली धरायला लागलो, वरचा तुकडा मनगटाच्या मागे मोकळा राहतो, आणि खरं सांगतो, त्याने उलट जास्त स्थिर वाटायला लागलं. पण हे नशीब, अक्कल नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी लांबी बघा, किंमत नंतर. स्वस्तातल्या पटरचा खरा तोटा मला हाच वाटला, की महागडा घेताना कोणीतरी तुम्हाला उभं करून मापं घेतं, लांबी, लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी कोन) सगळं, आणि हा मात्र रॅकवरून उचलायचा, हँगरवरच्या शर्टासारखा, बसला तर बसला.

बेसमेंटमध्ये कार्पेटवर सराव केला मार्चभर. होल म्हणून स्टीलचं फुलपात्र आडवं ठेवायचो. गोल्फचं होल सव्वाचार इंचाचं असतं, फुलपात्राचं तोंड त्याहून चांगलंच लहान, त्यामुळे त्यात दहातले सहा जायला लागले की माणसाची कॉलर आपोआप ताठ होते. आवाज मात्र व्हायचा, पटरचा टक् आणि मग फुलपात्राचा टण्ण, वरून बायको ओरडायची की रात्री साडेअकराला काय मंदिर उघडलंय का खाली. आवाजावरून आठवलं, मऊ इन्सर्टची सवय असेल तर हा टक् थोडा कोरडा वाटेल. मला आवडतो, चेंडू फेसच्या मधोमध लागला की बाजूला लागला ते कानाला कळतं. ज्यांना लोण्यासारखा स्पर्श हवा त्यांनी दुसरं काहीतरी बघावं.

एप्रिलमध्ये पहिला राउंड. हेडकव्हर काढलं, मान वळली, मिल्डवाला मित्र म्हणाला, "अरे, विल्सन? कोर्सवर भाड्याने मिळतो तसला का?" मी काही बोललो नाही, आणि हे सांगायला मला आवडलं असतं की मग मी वीस फुटांवरून घातला आणि त्याचं तोंड बंद झालं, पण तसं काही झालं नाही, पहिल्याच होलला थ्री-पट केला, म्हणजे ग्रीनवर पटरचे तीन फटके लागले. चार फुटांचा हुकवला. पटर नवा होता, हात जुनेच.

पण पाचसहा राउंडनंतर फरक दिसायला लागला आणि तो जवळच्या पटमध्ये नाही, लांबच्यात. आम्ही खेळतो ते सगळे सार्वजनिक कोर्स, तिथली ग्रीन्स संथ, गवत जरा वाढलेलं, चाळीस फुटांवरून हलक्या पटरने मारायचं तर हात जोरात हलवावा लागतो आणि मग अंदाज चुकतो. या जड हेडला फक्त मागे नेऊन सोडायचं, झोपाळ्यासारखं, चेंडू आपला जातो. मी आधी राउंडमध्ये पाचेक थ्री-पट करायचो, आता दोन, वाईट दिवशी तीन. उलट एकदा कंपनीच्या आउटिंगला एका झकपक क्लबवर गेलो होतो, तिथलं ग्रीन म्हणजे ओल्या फरशीवर साबण, तिथे याच जड हेडने माझी पार वाट लावली, प्रत्येक पट पाच फूट पुढे.

जूनमध्ये जॅक्सन पार्कला गेलो होतो, 1899 सालचा सार्वजनिक कोर्स, शहराच्या दक्षिणेला तळ्याजवळ. आमच्या पुढे गर्दी होती म्हणून प्रॅक्टिस ग्रीनवर थांबलो आणि तिथे शेवटी तो मिल्ड आणि माझा समोरासमोर आले. आठ फूट, दहा चेंडू त्याच्या पटरने, दहा माझ्या, दोघांनी दोन्ही वापरायचे. मित्राने त्याच्या पटरने पाच घातले, माझ्याने चार. मी माझ्याने चार, त्याच्याने चार. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, वीस चेंडूंत काय कळणार. पण टूरवरचे प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात, मग आपण सव्वातीनशे डॉलर जास्त देऊन नक्की काय विकत घेतोय? मित्र म्हणाला, "फील." त्याचा पटर हातात घेतल्यावर मला पटलंही ते, काय सुंदर वस्तू आहे, चेंडू लागतो तेव्हा काही लागलं असं वाटतच नाही. त्याला त्याचे पैसे त्या सुखासाठी द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, मी कॅमेऱ्याच्या लेन्सवर त्याहून जास्त उडवलेत. फक्त स्ट्रोक वाचतात म्हणून घेतला असं सांगू नये.

काकांचं मत वेगळंच. त्यांच्या मते चांगला खेळणारा किंमत बघतच नाही, ना कमी ना जास्त. बेन क्रेनशॉ या अमेरिकन गोल्फरने 1984 ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली ती विल्सनच्याच 8802 मॉडेलच्या पटरच्या जोरावर, पोरवयात वडिलांनी वीस डॉलरला घेऊन दिलेला, त्या पटरला लोक लिटिल बेन म्हणायचे. ली ट्रेव्हिनोने 1974 ची पीजीए स्पर्धा भाड्याच्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या जुन्या पटरने जिंकली, आणि ती पण जॅक निकलॉससारख्या दिग्गजाला एका स्ट्रोकने (फटक्याने) मागे टाकून. काका हे सांगतात आणि मग थांबून म्हणतात, "पण तुम्ही क्रेनशॉ नाही, हेही लक्षात ठेवा." त्याच क्रेनशॉने 1987 च्या रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप), ओहायोत, चिडून पटर मोडला होता आणि मग उरलेल्या मॅचमध्ये एक नंबरच्या आयर्नने आणि सँड वेजने, म्हणजे पटिंगच्या नसलेल्याच काठ्यांनी, पट करत बसला, तरी शेवटच्या होलपर्यंत लढला आणि मग हरला. ही गोष्ट मला जास्त आवडते.

मग गोल्फर लोक मोठ्या कंपनीचा स्वस्त पटर वापरतील का? माझ्या पाहण्यातले तरी वापरतील, पण आधी दहा सबबी सांगतील. हा बॅकअप आहे, मुलासाठी घेतलाय, ट्रॅव्हलसाठी ठेवलाय. ड्रायव्हर दर दोन वर्षांनी जुना होतो म्हणून त्यावर घासाघीस चालते, पटर मात्र माणूस दागिन्यासारखा बाळगतो. आणि एका बाबतीत दागिन्याचं गणित बरोबरही आहे, महागडा नावाजलेला पटर पाच वर्षांनी विकायला काढला तरी बऱ्यापैकी पैसे येतात, हा विकायला गेलात तर दोघांचं जेवण होईल फारतर. विकायचाच नसेल तर प्रश्न नाही.

डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो तेव्हा मेव्हण्यासाठी असाच एक घेऊन गेलो, यावेळी 34 इंची, अक्कल आली होती. विमानात पटर केबिनमध्ये नेता येत नाही, काठी म्हणून काढून घेतात, त्यामुळे मोठ्या बॅगेत तिरका घालून दोन टॉवेल आणि सासूबाईंसाठी घेतलेल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळला. येरवड्याच्या कोर्सवर सकाळी त्याच्याबरोबर गेलो. तिथल्या कॅडीने पटर हातात घेतला, दोनदा हलवला, तळ उलटा करून नाव वाचलं आणि म्हणाला, "वजनदार आहे साहेब. हात गप बसवतो हा." ग्रिप मात्र त्याला आवडली नाही, जाड आहे म्हणाला, आणि ते खरंय, माझा पंजा लहान आहे आणि मलाही सुरुवातीचे काही आठवडे मुठीत क्रिकेटची बॅट धरल्यासारखं वाटत होतं. मेव्हण्याने पहिल्या नऊ होल्समध्ये एकही थ्री-पट केला नाही आणि दुसऱ्या नऊमध्ये चार केले.

मला विचाराल तर पाचातले चार. एक कापला तो ग्रिपसाठी आणि माझ्यासारख्या बुटक्यांना 35 इंची गळ्यात पडतो म्हणून. हँडिकॅप (खेळाच्या कुवतीचा आकडा, जितका जास्त तितका खेळ कच्चा) पंधराच्या वर असेल, संथ ग्रीन्सवर खेळत असाल, मनगट उडत असेल तर बिनधास्त घ्या. वेगवान ग्रीन्सच्या क्लबात खेळत असाल तर आधी तिथेच कोणाचा तरी मागून दहा पट मारून बघा. आणि सराव करायला फुलपात्र वापरणार असाल तर जुनं घ्या, आमच्याकडच्या एकाला चांगलाच पोचा आलाय आणि ते नेमकं सेटमधलं निघालं.