ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज: मोटारींविना तीन दिवस, सायकलवरून

माझे वडील चिपळूण आगारात एकतीस वर्षे एसटीचे चालक होते आणि त्यांच्या नोकरीतला बराच काळ कुंभार्ली घाटात गेला. निवृत्तीनंतर ते गेल्या वर्षी अमेरिकेत आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मला त्यांना सायकलवरून जंगल आणि नद्या दाखवायच्या होत्या. मात्र वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांना मोटारींच्या रहदारीत सायकल चालवायला लावण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून आम्ही ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज हा मोटारविरहित सायकलमार्ग निवडला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रॉस्टबर्ग ते कॉनेल्सव्हिल असे 73 मैल, म्हणजे साधारण 118 किलोमीटर अंतर आम्ही तीन दिवसांत पार केले. ज्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा मुलांना बरोबर घेऊन जायचे आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पूर्ण मार्ग 150 मैलांचा, म्हणजे सुमारे 241 किलोमीटरचा आहे. तो मेरीलँडमधल्या कम्बरलँडपासून सुरू होऊन पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत जातो आणि मैलांचे दगड कम्बरलँडच्या शून्यापासून मोजलेले आहेत. त्याचा पूर्वेकडचा मोठा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या जुन्या लोहमार्गावर आहे. 1975 मध्ये ही गाडी बंद झाली, पुढे रूळ निघाले, आणि 1986 मध्ये ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा सायकलींसाठी खुला झाला. पिट्सबर्गच्या टोकाचे शेवटचे काम पूर्ण व्हायला 2013 साल उजाडले. मार्ग वापरायला कसलेही शुल्क नाही.

आगगाडीसाठी बांधलेला मार्ग असल्यामुळे त्याचा चढ कुठेच दोन टक्क्यांच्या वर जात नाही. आपल्या बोरघाटातल्या लोहमार्गाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. इथला चढ त्याहूनही सौम्य आहे. पृष्ठभाग चुनखडीच्या बारीक कचेचा असून ती रोलर फिरवून घट्ट बसवलेली आहे. कोरड्या हवेत चाक त्यावरून इतके सहज जाते की डांबरी रस्त्याची आठवण होत नाही, आणि चाकाखाली कचेचा जो बारीक करकर आवाज येतो तो दिवसभर सोबत करतो. ग्रॅव्हल बाइकवर दगडधोंड्यांतून धडपडत जाण्याची हौस असलेल्यांना हा मार्ग फारच सपाट वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली कोणतीही साधी, मजबूत सायकल इथे पुरते.

पहिल्या दिवसाची सुरुवात चढाची आहे. फ्रॉस्टबर्ग सोडल्यावर आठेक मैल सतत, पण हळूहळू चढावे लागते. या टप्प्यात बाबा दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून मागे पाहत होते. मागून गाडी येत नाही हे मी चार वेळा सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पाचव्यांदा मागे पाहिले. इतक्या वर्षांची सवय एका सकाळीत कशी जाणार? वाटेत मेसन-डिक्सन रेषा लागते आणि आपण मेरीलँडमधून पेनसिल्व्हेनियात येतो. त्यानंतर 3,294 फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा येतो. आत दिवे आहेत, तरी आपला दिवा आणि एक गरम कपडा हाताशी असावा, कारण बाहेर कोवळे ऊन असताना आत अंगावर शहारा आणणारा गारठा होता आणि छतातून पाणी ठिबकत होते. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, म्हणून डिसेंबर ते मार्च या काळात इथला बेत आखू नये. बोगद्यात शिरण्यापूर्वी दक्षिणेच्या तोंडाशी मात्र जरूर थांबावे. समोर मेरीलँडच्या डोंगररांगा एकामागे एक पसरलेल्या दिसतात आणि ऑक्टोबरात त्या तांबूस-पिवळ्या झालेल्या असतात.

बोगद्यानंतर थोड्याच अंतरावर पूर्व खंडीय जलविभाजक येतो. हा या मार्गाचा सर्वांत उंच बिंदू, 2,392 फूट. इथून एका बाजूचे पाणी पोटोमॅकमधून अटलांटिकला जाते आणि दुसऱ्या बाजूचे ओहायो व मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. मी हे समजावून सांगू लागलो तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘अरे, कुंभार्लीच्या माथ्यावर तेच आहे. इकडचं पाणी वाशिष्ठीला, तिकडचं कोयनेला.’’ मला इतक्या वर्षांत हे कधी सुचले नव्हते. तिथल्या भुयारी रस्त्याच्या भिंतीवर संपूर्ण मार्गाच्या चढ-उताराचा आलेख काढलेला आहे. त्यावर बोट फिरवून त्यांनी उरलेला उतार मोजला आणि मगच डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही घरूनच नेली होती. शाकाहारी प्रवाशाने असे काही जवळ ठेवलेच पाहिजे, कारण वाटेवरच्या लहान गावांत बिनमांसाचे म्हणून चीज सँडविच आणि बटाट्याचे काप यांपलीकडे आम्हाला फारसे मिळाले नाही.

कोणत्या टोकाकडून निघावे, हा प्रश्न इथेच सुटतो. कम्बरलँडकडून माथा अवघ्या 24 मैलांवर असल्याने तिथून निघाल्यास चढ एका दिवसात संपतो आणि पुढे पिट्सबर्गपर्यंत एकंदरीत उतार मिळतो. पिट्सबर्गकडून निघाल्यास जवळपास तितकाच चढ 126 मैलांत विभागला जातो आणि तो जाणवतही नाही, पण दिवस जास्त लागतात. माथ्यानंतरचा उतार पायडल न मारता घरंगळत जाण्याइतका तीव्र नसतो, त्यामुळे पायांना आणि बैठकीला विसावा मिळत नाही. दर तासाला उतरून पाच मिनिटे चालावे, हे आम्ही दुसऱ्या दिवशी शिकलो.

मायर्सडेलच्या पुढचा सॉल्सबरी व्हायडक्ट हा 1,908 फूट लांबीचा पूल कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरून 101 फूट उंचीवरून जातो. खाली नदी आहे, शेते आहेत, आणि महामार्गावर धावणाऱ्या मोटारीही आहेत. बाबा कठड्याला टेकून त्या मोटारींकडे बराच वेळ पाहत राहिले.

रॉकवुडला मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी कॅसलमनच्या काठाने निघालो. पिंकर्टन बोगदा दुरुस्त होऊन 2015 मध्ये खुला झाला, त्यामुळे आता नदीच्या वळणाला वळसा घालावा लागत नाही. हा टप्पा सर्वांत एकाकी आहे. मोबाइलला बराच वेळ संपर्क मिळाला नाही, म्हणून नकाशा आधीच मोबाइलमध्ये डाउनलोड करून घ्यावा. पलीकडच्या काठावरून अजूनही मालगाड्या धावतात आणि त्यांचा आवाज रात्रीही येतो, हे मुक्कामाची जागा निवडताना लक्षात ठेवावे. कॉन्फ्लुअन्स गावी कॅसलमन आणि लॉरेल हिल ओढा यॉकगेनी नदीला मिळतात. नदीच्या नावाचे स्पेलिंग पाहून उच्चार करायला जाऊ नये. स्थानिक लोक तिला नुसते ‘यॉक’ म्हणतात.

तक्रारीची बाजूही सांगितली पाहिजे. ज्या दुकानातून आम्ही सायकली भाड्याने घेतल्या, त्याने पंप आणि जादा ट्यूब दिलीच नाही, आणि मीही ती मागून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ओल्या कचेचा राखाडी चिखल साखळीवर आणि ब्रेकवर बसू लागला, आणि बाबांच्या सायकलचा मागचा ब्रेक घासू लागला. त्यांनी बाटलीतले पाणी ओतून चाक फिरवत, काडीने कच काढत तो पंधरा मिनिटांत मोकळा केला. सायकल ताब्यात घेताना पंप, ट्यूब, चिखलरोधक आणि साखळीचे तेल यांची खात्री करून घ्यावी, आणि पाऊस पडल्यावर रोज संध्याकाळी साखळी धुवावी. मार्ग मोटारविरहित असला तरी गावांजवळ काही रस्ते ओलांडावे लागतात आणि कॉनेल्सव्हिलमध्ये थोडे अंतर गावच्या रस्त्याने जावे लागते, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे.

तिसऱ्या दिवशी ओहायोपाइलहून निघाल्यावर उंच पुलावरून यॉक दिसली, खडकांवरून फेसाळत जाणारी. तिथून कॉनेल्सव्हिलपर्यंतच्या 17 मैलांत एकही गाव नाही. पाणी ओहायोपाइललाच भरून घ्यावे. दोन्ही बाजूंनी झाडांची कमान आणि उजवीकडे खाली नदीचा आवाज. या टप्प्यात मागून एक बाई ‘‘ऑन युवर लेफ्ट’’ (तुमच्या डावीकडून पुढे जाते आहे) असे म्हणत पुढे गेल्या, तेव्हा बाबा दचकले. सकाळपासून त्यांनी एकदाही मागे पाहिले नव्हते.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल हा दहा मैलांचा टप्पा करावा, धबधब्यापाशी जेवावे आणि त्याच वाटेने परतावे. परतीचा चढ इतका हलका आहे की दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही तो झेपेल. ऑक्टोबरात शनिवार-रविवारी ओहायोपाइलला मोटार उभी करायला जागा मिळणे कठीण जाते, म्हणून सुरुवात कॉन्फ्लुअन्सकडूनच करावी.