मालिका की नाटक? इंदूरच्या एका मराठी घरातून

आमच्या घरी महाराष्ट्र दोन वाटांनी येतो: रोज रात्रीची मालिका आणि कधीमधी पुण्या-मुंबईहून आलेलं नाटक.

पगडा मालिकेचा जास्त, हे मान्यच. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताचं झी मराठी) सुरू झालं आणि आमची जेवणाची वेळ मालिकेवर ठरू लागली. आम्ही लहानपणापासून बिनधास्त ‘मला माहीत पडलं’ म्हणणारे. भाची मात्र मालिका बघून ‘मला कळलं’ म्हणते, वर मलाच सुधारते! हा फायदा. पण नथही मालिकेतलीच. सराफ्यात आईनं नुसतं ‘वो सीरियलवाली’ म्हटलं, तर दुकानदारानं नेमकी तीच काढून ठेवली. आजीची नथ डब्यातच राहिली, तिचं वाईट वाटतं.

नाटक महाग, प्रयोग मोजके, पार्किंगचा वैताग वेगळा. तरी माझं मत नाटकालाच. मालिका बघताना अर्धं लक्ष मोबाइलमध्ये असतं. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या प्रयोगाला सभागृहात अंधार झाला की भाचीसुद्धा गप्प. परतताना छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाताखाता तिचं आणि आईचं नायकावरून कडाक्याचं भांडण झालं. मालिकेवरून असं कधी झालेलं आठवत नाही.