आयरिश अँड केल्टिक म्युझिक पॉडकास्ट : तासभर दुसऱ्यांची गाणी

अमेरिकन गायक मार्क गनचा हा पॉडकास्ट लावायचा तर मधली बडबड ऐकून घ्यायची तयारी ठेवा. पाठीराख्यांचे आभार, वर्गणीची आठवण, नव्या घोषणा. माझं बोट आपोआप पुढे सरकवायच्या बटणावर जातं. भागासोबतच्या यादीत कुठलं गाणं कितव्या मिनिटाला आहे ते दिलेलं असतं, त्यामुळे थेट गाण्यावर पोचता येतं.

आणि गाणी खरंच ऐकण्यासारखी असतात. आयर्लंड, स्कॉटलंड, फ्रान्समधलं ब्रिटनी, शिवाय अमेरिका-कॅनडातले स्वतंत्र बँड. यांतली बहुतेक नावं मी इथेच पहिल्यांदा ऐकली. तबल्यावर हात बसलेला असल्यामुळे जिग, म्हणजे आयरिश नाचाची उड्या मारती चाल, लागली की मी नकळत दादरा मोजू लागते. सहा मात्रा, तीन-तीनचे तुकडे. फक्त दादऱ्यात चौथ्या मात्रेला 'खाली', म्हणजे हलका ठोका, येते; जिगमध्ये तिथेही पाय दणकन आपटतो. सवयीने हात हलका पडतो आणि बोधरान (डफासारखं आयरिश वाद्य) वाजवणारा मात्र तिथेच ठोकतो! ही गंमत मला अजून पुरलेली नाही.

गन हे २००५ पासून करतोय, म्हणजे ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले त्या वर्षापासून. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठाच्या आवारात, अँड्र्यू मकीबरोबर त्याने 'ब्रॉबडिंगनॅगियन बार्ड्स' ही जोडी जमवली. मकी रेकॉर्डर, म्हणजे एक प्रकारची बासरी, वाजवायचा; हा ऑटोहार्प हे तारवाद्य. रेनेसाँ फेअरमध्ये, म्हणजे जुन्या युरोपातले पोशाख घालून भरवतात त्या जत्रांत, गायचं आणि गाणी एमपी३ डॉट कॉम या वेबसाइटवर फुकट सोडायची. फुकट ऐकणाराच उद्या सीडी घेईल, हा हिशेब. पॉडकास्टही त्याच हिशेबावर चालतो, फक्त आता फायदा दुसऱ्या बँडांचाही होतो.

त्याचं स्वतःचं गाणं? मोकळा, पबमध्ये शोभणारा आवाज. ऑटोहार्पला पट्ट्या असतात. पट्टी दाबली की तिच्या खालचा नमदा नको त्या तारा मुक्या करतो आणि उरलेल्या मिळून कॉर्ड, म्हणजे सुरांचा गुच्छ, वाजतो. गाण्यामागे भरायला छान, पण रील या पळत्या नाचधुनेची सुरावट त्यावर काढणं महाकठीण. म्हणून त्याच्या अल्बममध्ये मजा शब्दांची जास्त, वाद्याची कमी. आयरिश पबगीतांत मांजरं घुसवून त्याने अख्खा अल्बम केलाय. मी दोनदा हसले, तिसऱ्यांदा लावला नाही. लोकांची गाणी निवडताना मात्र त्याचा कान फारसा चुकत नाही.

रेकॉर्डिंग सगळीकडे सारखं नसतं. एखादा बँड स्टुडिओत जाऊन आलेला, पुढचा घरातच माइक लावून बसलेला वाटतो; बासरी कुठे आणि ढोल कुठे! हेडफोनवर ऐकत असाल तर आवाज आधी कमी ठेवा.

नवख्यांनी मार्चमधल्या भागांपासून सुरुवात करू नये. सेंट पॅट्रिक डे या आयरिश सणाच्या निमित्ताने दारूची गाणी ओसंडून वाहतात. त्यापेक्षा श्रोत्यांच्या मतांवरून निवडलेल्या वीस गाण्यांचा वर्षअखेरचा भाग लावा. ऐकायला पैसे पडत नाहीत. पॅट्रिऑन या वर्गणीच्या वेबसाइटवर वर्गणी देता येते, पण मी ती देत नाही. आवडलेल्या बँडचा अल्बमच विकत घेते. तसं घ्या म्हणून तो स्वतःच मागे लागलेला असतो.