‘द स्पॅरो’: देवाच्या खात्यावर काय काय मांडायचं?

यान परग्रहावर उतरतं आणि तिथल्या लोकांना आपण देव वाटतो, नाहीतर आपला देव त्यांचाच कुणी पूर्वज निघतो. अशा विज्ञानकथा वाचून मी इतकी कंटाळले होते, की मलपृष्ठावर ‘श्रद्धा’ शब्द दिसला की पुस्तक परत ठेवायचे. मेरी डोरिया रसेल यांची १९९६ची ही कादंबरी त्या नादात कित्येक वर्षं राहून गेली.

कादंबरीत २०१९मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीला अल्फा सेंटॉरी या शेजारच्या ताऱ्यांच्या दिशेकडून गाणं ऐकू येतं. (खरी अरेसिबो डिसेंबर २०२०मध्ये कोसळली. आज ते पान वाचताना कसंतरीच होतं.) संयुक्त राष्ट्रसंघ चर्चेत अडकतो, तोवर जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ, गुपचूप आठ जणांना तिकडे रवाना करतात. त्यातला एमिलिओ सांडोझ हा धर्मगुरू आणि भाषातज्ज्ञ. मला पुस्तकाने पकडलं ते इथे. परग्रहावरच्या रुआंजा भाषेत डोळ्यांसमोरच्या वस्तूचं नाम एका रीतीने चालतं, नजरेआडच्या वस्तूचं दुसऱ्या. मग ‘देव’ कसा चालवायचा? लेखिका हे विचारत नाही. मी मात्र दोन दिवस तेच घोळवत होते.

प्रत्येक योगायोग जुळत जातो, तसतशी एमिलिओची खात्री पटते की हे देवच घडवतोय. चाळीस वर्षांनी, २०५९मध्ये, तो एकटा परततो, हात निकामी झालेले. प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास केल्यामुळे त्याचं वय मोजकंच वाढलंय, ओळखीची माणसं मात्र म्हातारी झालीत किंवा गेलीत. चौकशीला बसलेल्या धर्मगुरूंपुढे त्याची कोंडी साधी आहे: जाताना जुळून आलं ते सगळं देवाचं, तर तिथे झालं ते कुणाचं? नास्तिक होणं त्याला सोपं गेलं असतं.

खटकलं तेही सांगते. पहिला अर्धा भाग पसरट आहे. मंडळी जेवायला बसली की उठतच नाहीत, आणि प्रत्येक जण सारखाच हजरजबाबी. लघुग्रह पोखरून केलेल्या यानाचं विज्ञान फारसं ताणून पाहू नये. शेवटाकडे लैंगिक अत्याचार येतो, तो सोसणार नसेल तर हात लावू नका.

पुढचा भाग, ‘चिल्ड्रेन ऑफ गॉड’, १९९८चा. आणून ठेवलाय, पण लगेच उघडवत नाहीये.