गोचीड लागू नये म्हणून घेतलेला स्प्रे आणि लोशन: पावसाळा ते उन्हाळा वापरून

पावसाळ्यात घेतलं होतं, आता उन्हाळा लागला, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून लिहितेय. दोन वस्तू आहेत, कपड्यांवर मारायचा पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे (०.५ टक्केवाला, दिराने अमेरिकेहून येताना आणला) आणि अंगाला लावायचं डीटचं (किडे-गोचिडी दूर ठेवणारं रसायन) लोशन. आम्ही पक्षी बघायला ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याला जातो, कधी शिवपुरीला माधव नॅशनल पार्कात, आणि गुरं चरतात त्या गवतात गोचिडी असणारच.

खरं काम स्प्रेचं आहे. पँट, मोजे, बूट गच्चीवर पसरून मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच घालायचं, वाळल्यावर वास राहत नाही. एकदा तिघऱ्याला गवतातून बाहेर आलो तर माझ्या पोटरीवर एक बारकीशी गोचीड वर चढत होती, मी झटकली नाही, म्हटलं बघू, तर थोडं चढून तिचे पाय आखडायला लागले, वाकडीतिकडी चालली आणि गळूनच पडली. तेव्हा पटलं. गोचीड उडत नाही, झाडावरून उडीही मारत नाही, गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि आपण घासून गेलो की चिकटते, म्हणजे येते खालूनच, म्हणून पँट मोज्यात खोचायची, दिसायला ध्यान दिसतं पण चालतं.

बाटलीवर लिहिलंय साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतो. आमच्या मावशी ब्रशने घासतात, त्यामुळे मी त्याआधीच परत मारते. मेडिकलवाल्याकडे पर्मेथ्रिन मागितलं तर तो खरजेची क्रीम देतो, ते वेगळं प्रकरण. आणि घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून लांबच ठेवा, मांजरांना हे विषारी आहे.

लोशनबद्दल मात्र काय सांगू. चालतं, पण चिकचिकीत, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये घाम आणि ते मिळून नको होतं. वर डीट प्लास्टिक खातं, माझ्या चष्म्याच्या काडीचं पॉलिश गेलं. पिकारिडिन नावाचं डीटसारखंच दुसरं औषध प्लास्टिकला काही करत नाही म्हणे, पुढच्या वेळी तेच घेणार. सनस्क्रीन आधी, हे नंतर.

ग्वाल्हेरकरांसाठी एक गंमत, आपल्याच गावच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने डेपा नावाचं रिपेलंट (किडे दूर ठेवणारं औषध) बनवलंय. १९५७ मध्ये शिमोग्याकडे जो माकडताप सापडला, जो गोचिडींमुळे होतो, त्यासाठी कर्नाटकात जंगलात जाणाऱ्यांना डेपाचं तेल वाटतात. इथे दुकानात मात्र मला कुठे दिसलं नाही.

एवढं सगळं लावूनही घरी आल्यावर अंग तपासायचंच, काखा, गुडघ्यामागे, कंबरेच्या नाडीखाली, कानामागे, केसात. कपडे साध्या गार पाण्यात धुतले म्हणून गोचीड मरत नाही, कडक गरम पाणी लागतं. यांच्या कंबरेला एकदा एक रुतलेली सापडली (त्या दिवशी साहेब साध्या पँटमध्ये आले होते) तर सासूबाई लगेच, "अगं रॉकेलचा बोळा लाव, आपोआप सुटेल." रॉकेल, पेटती काडी, व्हॅसलीन काही लावायचं नसतं, तेवढ्या वेळात ती अजून रक्त पीत राहते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढली, पिळली नाही, साबणाने धुतलं. पुढे काही आठवडे ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आठवणीने सांगायचं, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

स्प्रेला पाचपैकी साडेचार, लोशनला तीन, चिमटा चाळीस रुपयांचा, त्याला पूर्ण पाच.